११-३४ कॅसेट: पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, राधानगरी सगळीकडं फिरवून आणली, आता सांगते

कोल्हापूरहून निघून वाघबीळच्या पुढं सायकलवरनं उतरून, हातानं ढकलत पन्हाळ्यावर गेलेल्या प्रत्येकासाठी हे लिहितेय. मी पण ढकलत गेलेय, एकदा नाही चार वेळा, आणि चारही वेळेला मला असंच वाटलं की आपल्या पायातच दम नाही, वय त्रेचाळीस, दोन बाळंतपणं झालेली, दिवसभर शाळेत उभं राहून शिकवायचं, मग घाट कुठनं चढणार. दोष पायाचा नव्हता, मागच्या दातेरी चक्राचा होता, म्हणजे कॅसेटचा (मागच्या चाकावर लहानमोठ्या दातेरी चक्रांचं जे जुडगं असतं ती कॅसेट). ते चक्र बदलून दीड वर्ष झालं, त्यावर तीन हजारांच्या वर किलोमीटर झाले, म्हणून आता बोलायला हरकत नाही.

माझी साधी अ‍ॅल्युमिनियमची रोडबाईक आहे, पुढं ५०-३४ अशी दोन चक्रं, मागं आठ. घेतली तेव्हा मागची कॅसेट ११-२८ होती. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात, मागच्या सगळ्यात लहान चक्राला ११ दाते, सगळ्यात मोठ्याला २८, आणि पुढच्या लहान चक्राला ३४. म्हणजे पायडल एक फेरा फिरला की मागचं चाक सव्वा फेऱ्याच्या जरा कमी फिरतं. मागं ३४ दाते घातले की पायडलचा एक फेरा, चाकाचा बरोबर एक फेरा. ऐकायला फरक एवढासा वाटतो. पण चढावर ताशी आठच्या स्पीडनं चाललाय असं धरा (आमच्यासारख्यांचं स्पीड तेवढंच असतं) तर २८ वर पाय मिनिटाला ५२ फेरे मारतात आणि ३४ वर ६३. ५२ ला प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो, माणूस सीटवरनं उठतो, उठला की धाप लागते, धाप लागली की संपलं. ६३ ला बसून राहता येतं. बसून राहता आलं की घाट चढता येतो, माझ्यासाठी सगळी गोष्ट एवढीच होती.

आता कोल्हापूरचं बघा. पूर्वेला हातकणंगले, शिरोळ, नरसोबाची वाडी, सगळं सपाट, तिकडं ११-२८ एकदम बेस्ट चालते. पश्चिमेला तोंड केलं की डोंगर. आणि खरी मजा तर पश्चिमेलाच आहे, कारण आपली पंचगंगा जिथनं जिथनं गोळा होते ती सगळी खोरी तिकडं आहेत. कासारीच्या कडेनं बाजारभोगावला जायचं, कुंभीच्या कडेनं गगनबावड्याला, तुळशीच्या कडेनं धामोडला, भोगावतीच्या कडेनं राधानगरीला. पाचवी सरस्वती म्हणतात, ती गुप्त. सगळ्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होतं. मी माझ्या सायकलिंगचा हिशेबच असा केलाय, एक नदी धरायची आणि जिथनं येते तिकडं जायचं, जाताना पाण्याच्या उलटं, येताना पाण्याबरोबर. मॅपची गरज पडत नाही. आणि जाताना जेवढा घाम गाळलाय तेवढं येताना घरच्या दिशेला उतार मिळतो, उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तो पण पाठीमागनं.

कॅसेट बसवायचा पहिला अनुभव वाईट होता तो आधी सांगून टाकते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. एका मोठ्या चकाचक दुकानात गेले, नाव घेत नाही, त्यांनी जुनी कॅसेट काढली, नवी ११-३४ घातली, बिल केलं, झालं. चेन तीच, मागचं डिरेलर (गियर बदलताना चेन एका चक्रावरनं दुसऱ्यावर सरकवतं ते) तेच. मी विचारलं, चालेल ना? चालतंय मॅडम, बिनधास्त जावा. दुसऱ्या दिवशी केर्लीतनं उजवीकडं जोतिबाच्या रस्त्याला लागले, पुढचं चक्र चुकून मोठ्यावरच राहिलं होतं आणि मागं शेवटचा गियर टाकला. कट्कन आवाज आला आणि पायडल दगडासारखं घट्ट. उतरून बघते तर चेन तारेसारखी ताणलेली आणि डिरेलरचा पिंजरा (चेन ताणून धरणारा खालचा हात) पार पुढं ओढून सरळ झालेला. अजून थोडा जोर दिला असता तर डिरेलर तुटून स्पोकमध्ये गेलं असतं, आणि ते चालू चढावर झालं असतं तर मी रस्त्यावर पडले असते, मागनं येणाऱ्या गाडीसमोर. मला त्या दिवशी खरंच राग आला होता, अजून आठवलं की येतो. चालतंय म्हणायच्या आधी दोन मिनिटं मोजून बघायचं होतं, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हो.

मग गेले सायकलवाल्या मामांकडं. गावातलं जुनं छोटं दुकान, बाहेर पोरांच्या सायकली पंक्चरला लावलेल्या असतात, आत भिंतीला पाने आणि रिमा टांगलेल्या. मामा कॅसेटला अजून फ्रीवेलच म्हणतात. मामांनी मला स्टुलावर बसवलं आणि पहिलं काम काय केलं तर जुनी चेन काढून बाजूला ठेवली आणि दाते मोजले. बोटानं, एकेक करून, ओठ हलवत. मला म्हणाले, बाई हे डिरेलर लहान पिंजऱ्याचं आहे, एवढ्या मोठ्या चक्राला हे पुरणार नाही, मिडियम केजचं, म्हणजे जरा लांब पिंजऱ्याचं लागेल. मग शिमॅनो क्लॅरिसचं मिडियम केजचं डिरेलर मागवलं. ते आल्यावर नवीन चेन पुढच्या मोठ्या चक्रावरनं आणि मागच्या मोठ्या चक्रावरनं, डिरेलरमधनं न घालता, सरळ गुंडाळली, टोकं जुळवली, त्याच्या पुढं दोन कड्या जादा धरल्या आणि तिथं तोडली. मला म्हणाले, आता तुम्ही चुकून मोठ्यावर मोठं टाकलं तरी अडकणार नाही. कॅसेट जागेवर धरणारी लॉकरिंग आवळताना साध्या पान्यानं नाही आवळलं, किती जोर लावला ते मोजणारा टॉर्क पाना काढला, लॉकरिंगवर ४० (न्यूटन मीटर) लिहिलेलं असतं ते मला दाखवलं आणि बरोबर तेवढंच आवळलं. शेवटी डिरेलरचा मागचा छोटा स्क्रू फिरवून वरची जॉकी चकती (पिंजऱ्यातलं चेन फिरवणारं छोटं चाक) आणि ३४ चं चक्र यात थोडी फट ठेवली. सायकल उलटी टांगून सगळे गियर तीन वेळा वरखाली केले, मग स्वतः बसून गल्लीत एक चक्कर मारून आले. साठीच्या पुढचा माणूस, धोतरात सायकल चालवत गेला आणि आला. कॅसेट, चेन, डिरेलर आणि मजुरी धरून माझे पाच हजार शंभर गेले. त्यातली मजुरी चारशे. मी पाचशे देत होते तर शंभर परत दिले. मामांनी दुकानाचं नाव कुठं घालू नकोस म्हटलंय, एकटेच आहेत, गर्दी झेपत नाही, म्हणून घालत नाही.

आता रस्ते.

पन्हाळा. शहर साधारण अठराशे फुटांवर, पन्हाळा तीन हजारांच्या वर, म्हणजे वीस किलोमीटरमध्ये बाराशे फुटांपेक्षा जास्त चढायचं, आणि त्यातला बराचसा चढ वाघबीळला रत्नागिरी रोड सोडल्यानंतरचा. पहाटे साडेपाचला शिवाजी पुलावरनं निघाले, खाली पंचगंगेवर धुकं होतं, आंबेवाडीपर्यंत अंगात थंडी. वाघबीळला थांबून पाणी प्यायले, मनात जुनी भीती होतीच. वळल्यावर लगेच ३४ टाकला नाही, मामांनी सांगितलं होतं शेवटचा गियर शेवटाला ठेवा. २६ वर चालले, पहिल्या मोठ्या वळणाला दम लागायला लागला तेव्हा टाकला. खट्ट. आणि पाय एकदम हलके झाले. जिथं मी दरवेळेला उतरायची, डाव्या हाताला कठडा आणि खाली सगळं रान दिसतं, तिथं पोचले आणि बसलेलीच होते. वरनं दूध घालून मोटरसायकलवर येणारा एक पोरगा ओरडला, ओ मॅडम, एक नंबर, थांबू नका! नाही थांबले. नाक्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी सायकल टेकवली आणि तिथंच पायरीवर बसून रडले थोडंसं. नंतर झुणका भाकरी खाल्ली, ठेचा आणि दही, पोटभर.

एक सूचना, २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत पन्हाळ्याचं नाव आल्यापासून मला तरी रविवारी गाड्या जास्त वाटतात, तेव्हा सात वाजायच्या आत वर पोचायचं बघा, नाहीतर घाटात चारचाकी तुमच्या कोपराला घासून जातात. उतरताना माझे साधे रिम ब्रेक आहेत तर मी सलग दाबून धरत नाही, दाबायचं सोडायचं दाबायचं सोडायचं, सलग धरलं की रिम तापते.

जोतिबा पन्हाळ्यापेक्षा लहान पण खडा. इथं ३४ पण पुरतो असं नाही, पुरवून घ्यावा लागतो. दोन ठिकाणी मी उभी राहूनच चढवली. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेच्या आगंमागं आठवडाभर जाऊ नका, गर्दी तर आहेच पण रस्त्यावर गुलाल असतो आणि पाणी पडलं की त्यावर टायर घसरतो, मी स्वतः बघितलंय.

गगनबावडा मात्र माझा जीव आहे. पंचावन्न किलोमीटर, आणि असळजच्या अलीकडं एका वाडीत माझं माहेर. फुलेवाडी सोडली, बालिंग्याच्या पुलावर भोगावती ओलांडली की शहर संपतं. पुढं कुडित्र्याचा कारखाना, मग कळे. हा रस्ता पन्हाळ्यासारखा सलग चढत नाही. चढ, उतार, परत चढ, परत उतार, एकेक चढ अर्ध्या किलोमीटरचा, कुठं एक किलोमीटरचा, आणि डाव्या उजव्या हाताला कुंभी लपते दिसते लपते दिसते. इथं या कॅसेटचं वाईट पण कळलं. जुन्या ११-२८ मध्ये १७ च्या पुढं १९, २१, २४, २८ अशा लहान लहान पायऱ्या होत्या. नवीन मध्ये १७, २०, २३, २६ आणि मग थेट ३४. २६ ते ३४ मध्ये काहीच नाही. म्हणजे मध्यम चढावर २६ जड पडतो आणि ३४ टाकला की पाय हवेत फिरल्यासारखे होतात, स्पीड पडतं, मग परत २६. पहिले दोन महिने मला याचा फार त्रास झाला, गियर शिफ्टर खटाखट वाजवत जायची. नंतर सवय झाली, चढ सुरू व्हायच्या आधीच थोडं स्पीड घेऊन २६ वर राहायचं आणि अगदीच अडलं तर ३४. पण ज्याला एकसारखी लय पाहिजे असते, पाय एकाच तालात फिरायला पाहिजे असतात, त्याला हे खटकणार, हे आधीच सांगते. मागं दहा किंवा अकरा चक्रं असलेली सायकल असेल तर मधल्या पायऱ्या जास्त असतात, तिथं हा प्रश्न एवढा येत नाही.

ऊस सुरू झाला की, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, या रस्त्यावर जपून. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं हातभर बाहेर आलेला, मोठ्यानं गाणी लावलेली, त्याला मागनं तुमचा आवाज येणं शक्यच नाही. ओव्हरटेक करायच्या भानगडीत पडू नका, मागं पण चिकटून राहू नका, वरनं कांड्या पडतात. आणि रस्त्यावर पडलेलं पाचट, ते लांब वाळकं पान, मागच्या डिरेलरच्या जॉकीत गुंडाळतं. मला कळ्याच्या पुढं एकदा असा कर्र कर्र आवाज यायला लागला, मला वाटलं चेनच गेली. थांबून बघते तर दोन पानं जॉकीच्या चकतीभोवती सुतासारखी घट्ट बसलेली. केसातली पिन काढून त्यानं ओढून काढली. तेव्हापासून बॅगेत लहान चिमटा ठेवते. त्याच सीझनला गुऱ्हाळं चालू असतात ही चांगली बाजू, लांबनंच वास येतो, थांबून काहिलीतला गरम गूळ पळसाच्या पानावर मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, आणि चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर त्या गुळानं जे होतं ते कुठल्या एनर्जी जेलनं होत नाही.

पावसाळ्यात हा रस्ता जगात सगळ्यात सुंदर आहे असं मी म्हणेन, मी इथलीच आहे म्हणून म्हणा पाहिजे तर. पण मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी रस्त्यावर येतं आणि रस्ता बंद होतो, तेव्हा निघायच्या आधी गावात फोन करून विचारायचं. मी भावाला करते. तो म्हणतो, ताई, आज नको, पाणी चढायला लागलंय, तर मी गप चहा करून घरी बसते. पाण्यातनं सायकल घालायची नाही म्हणजे नाही, खालचा रस्ता आहे की वाहून गेलाय ते दिसत नाही.

आई पहिल्यांदा मला सायकलवर आलेली बघून दारातच उभी राहिली. एस्टीनं येत जा की गं, म्हणाली, आणि पाय धुवायला पाणी आणलं. मग भाकरी करता करता विचारलं, किती तास लागले. मी म्हटलं सव्वादोन. तर म्हणते, तुझे आप्पा दूध घेऊन कळ्यापर्यंत सायकलनं जायचे, काळी घोडा सायकल, दोन्ही बाजूला किटल्या. गियर काय, एकच होता. मला हे माहीतच नव्हतं. त्या जड सायकलवर किटल्या लावून ते चढ कसे चढत असतील, ते आता मला प्रत्येक चढावर आठवतं.

गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट सिमेंटचा होऊन उघडल्यावर एकदा खाली उतरून परत वर आले. दहाएक किलोमीटरची चढण, पण रस्ता गुळगुळीत आणि चढ एकसारखा, इथं मात्र ३४ वर नुसतं बसायचं आणि फिरवत राहायचं. दीड तासाच्या आत वर, मधे दोनदा फोटोला थांबून. जुन्या कॅसेटवर मी हा विचार सुद्धा केला नसता.

राधानगरीचं थोडक्यात. पुईखडीचा चढ सुरुवातीलाच, पाय गरम व्हायच्या आधी, म्हणून तिथं ३४ वापरायला लाजू नका. पुढं हळदी, परिते, भोगावतीच्या कडेनं छान चालवत जायचं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपले आपण उघडतात, ते बघायला पावसाळ्यात गर्दी. मी दाजीपूरपर्यंत गेले, पण तिकडं गवा असतो, तेव्हा पहाटे अंधारात आणि संध्याकाळी एकटीनं जाऊ नये, चांगलं ऊन पडल्यावर जावं.

सपाटीचं पण सांगते म्हणजे एकतर्फी होणार नाही. नरसोबावाडीला आमच्या ग्रुपबरोबर गेले तेव्हा ताशी सत्तावीस-अठ्ठावीसच्या स्पीडला १७ जड आणि २० हलका असं होत होतं, जुन्यातला १९ तिथं बरोबर बसायचा. थकवा आला असं नाही पण ग्रुपच्या तालात राहायला सारखं गियर बदलावं लागलं. तुम्ही फक्त पूर्वेलाच चालवत असाल, घाटाची आवडच नसेल, तर हे घेऊ नका, आहे ते छान आहे.

वजन थोडं वाढलं, मला कळलं नाही. टिकायला चांगली आहे. पावसात लाल माती आणि कचकच चेनवर बसते, ती तशीच ठेवली तर कॅसेट घासून खाते, म्हणून पावसातनं आलं की त्याच दिवशी चेन पुसायची, फडकं आणि थोडं रॉकेल चालतं, वाळवायची, तेल घालायचं, वरचं तेल परत पुसून घ्यायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे. चेन ताणली की ती कॅसेटचे दाते खराब करते, म्हणून चेन मोजायचं छोटं पट्टीसारखं हत्यार घेऊन ठेवलंय, ०.७५ (टक्के ताण) ची खूण चेनमध्ये आत गेली की चेन बदलायची. चेन स्वस्त आहे, कॅसेट महाग आहे.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा त्या २६ आणि ३४ मधल्या उडीसाठी कापला. मामांच्या कामाला पाचपैकी पाच. आणि तुम्ही कुठंही बसवायला गेलात तर एवढं नक्की विचारा, माझ्या डिरेलरचा पिंजरा पुरतो का, आणि चेन मोठ्यावर मोठं टाकून मोजणार का. दोन्हीतलं एक जरी चालतंय म्हणून उडवून लावलं तर सायकल घेऊन बाहेर पडा.

परवा चेन मोजली तर खूण आत गेली. रविवारी मामांकडं नवीन टाकून घेते, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कासारीच्या कडेनं बाजारभोगाव, तिथनं जमलं तर अणुस्कुरा घाटाच्या माथ्यापर्यंत. या बाजूला कोणी आधी गेलं असेल तर रस्ता आत्ता कसा आहे तेवढं सांगा.